स्वच्छ काचेवरच्या अंगठ्या

रंगारीण घरात आली की सासूबाई आधी खिडकी उघडायच्या आणि मग "आलीस का" म्हणायच्या. त्यात राग नव्हता. सुनेच्या अंगाला सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि तो सासूबाईंनाच काय, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांनाही यायचा. कामावरचे कपडे गॅलरीत, चपला दाराबाहेर, आणि केस धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा घरचा कायदाच झाला होता. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसणारा माणूस. पण तोही म्हणायचा की तुझ्यापेक्षा माझे पेशंट परवडले.

रंगारीण हे नाव तिला प्रयोगशाळेत पडलं होतं. ती रंग बनवायची, पण कापडाचे किंवा भिंतीचे नव्हेत. पेशीतल्या एखाद्याच गोष्टीला जाऊन चिकटायचं आणि लेझरचा उजेड पडला की चमकायचं, एवढंच त्या रंगांचं काम. सूक्ष्मदर्शकाखाली फार बारीक गोष्टी शेजारी शेजारी असल्या की त्यांचा मिळून एकच धुरकट डाग दिसतो, कारण उजेडाची धावच तेवढी. त्यावर लोकांनी एक युक्ती काढली आहे. रंगाचे सगळे कण एकदम पेटू द्यायचे नाहीत. बहुतेकांनी मिटून राहायचं आणि मधूनच एखाद्याने लुकलुकायचं. एकटा लुकलुकणारा ठिपका नेमका कुठे आहे ते संगणक टिपतो, मग दुसरा टिपतो, मग तिसरा, आणि अशा लाखो ठिपक्यांतून शेवटी एक लखलखीत चित्र उभं राहतं. अडचण एवढीच की नेहमीचे रंग आपणहून लुकलुकत नाहीत. त्यांना एका द्रावणात बुडवावं लागतं, आणि तो सडका वास त्या द्रावणाचा.

तेव्हा साध्या पाण्यातही लुकलुकेल असा रंग बनवायचा, हा तिचा ध्यास होता. बरीच वर्षं त्यात गेली. रेणूला अशी जागा ठेवायची की तो स्वतःच स्वतःला मिटून घेईल, बिनरंगी होईल, आणि मधूनच उघडून चमकेल. फार वेळ उघडा राहिला तर सगळी खिचडी, फार मिटून राहिला तर काळोख. त्यातून पाणी आणि तेल यांचं भांडण वेगळंच. पाण्याची ओढ असलेला रंग पेशीच्या आत शिरत नाही, कारण पेशीचा पडदाच स्निग्ध. तेलाची ओढ असलेला आत शिरतो, पण मग दिसेल त्याला लगट करतो. इकडे दोन अणू जोड, तिकडचा एक काढ, असं करत करत एके दिवशी तिला मधला काटा सापडला. निदान तिला तसं वाटलं. तो रंग नुसत्या पाण्यात काजव्यांसारखा लुकलुकला, तेव्हा ती खुर्चीत बसून गदगदून रडली होती.

सरांनी तो रंग लगेच समोरच्या इस्पितळात दिला. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि सगळ्यांना "बेटा" म्हणायची सवय. रंग जिथे बनत होता त्या खोलीत ते कधी आत यायचे नाहीत. नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे आणि काय ते तिथूनच विचारायचे. इस्पितळात लहान मुलांच्या स्नायूंच्या आजारांवर काम करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. ज्या मुलांचे पाय लवकर थकतात, जिना चढताना जी मध्येच बसतात, त्यांच्या मांडीतला बारीकसा तुकडा काढून त्या पाठवायच्या. रंगारणीचा रंग त्यात एका ठरावीक प्रथिनाला चिकटवायचा, असा बेत होता. चित्र आलं तेव्हा सगळे बघत राहिले. स्नायूंच्या धाग्यांमध्ये इवलीइवली गोल कडी होती, रेखीव, कंपासने काढल्यासारखी. सरांनी त्यांना अंगठ्या म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. आजारी मुलांमध्ये हे प्रथिन अंगठीसारखं वळतं, निरोगी स्नायूत वळत नाही, असं सरांनी लिहून छापून आणलं. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर त्या अंगठ्यांचं पुरुषभर उंचीचं चित्र लागलं. रंगारीण रोज येताना त्याच्याकडे एकदा बघून घ्यायची, लेकराकडे बघावं तशी.

गोष्ट बिघडली ती रंगारणीला तो रंग आणखी सुधारावासा वाटला म्हणून. नवा रंग जुन्याहून चांगला आहे हे कळायला आधी जुन्याचं मोजमाप हवं, आणि त्यासाठी पेशी, स्नायू काही नसलेल्या रिकाम्या काचेवर तो किती चिकटतो ते बघायला हवं. म्हणून एका सकाळी ती सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेली. तिथे जो बसायचा त्याला घुबड म्हणत, कारण त्याचं अर्धं आयुष्य काळे पडदे लावलेल्या त्या खोलीत गेलं होतं. शिकलेला, हुशार माणूस, यंत्र त्याच्या हाताखाली मांजरासारखं वागायचं. पण राहणी गबाळी. कीबोर्डच्या फटींत वेफर्सचा चुरा, माऊसवर बोटांचा थर, आणि एक कप, ज्याच्या तळाची कॉफी वाळून सालपटं सुटली होती.

काच ठेवली, लेझर लागला, ठिपके जमू लागले. थोड्या वेळाने पडद्यावर एक अंगठी आली. मग तिच्या बाजूला दुसरी.

रंगारीण म्हणाली की चुकून स्नायूची काच लागली असेल. घुबडाने वेफर तोंडात टाकला आणि बोटं चाटली.

"रिकामीच आहे," तो म्हणाला. "त्या असतातच."

"असतातच म्हणजे? कधीपासून?"

"पहिल्यापासून. काच घासून धुतली की कमी होतात. मी सरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, फोटो घेताना तेवढी बाजू सोडून घे."

"आणि तू सोडलीस."

"मला कोणी काय विचारलं? मी फोटो काढतो. निवडतात ते."

एवढं बोलून त्याने तीच बोटं माऊसवर ठेवली आणि चित्र जरा मोठं केलं, तिला नीट दिसावं म्हणून. त्या बोटांचे तेलकट ठसे माऊसवर पडद्याच्या उजेडात चमकत होते. रंगारीण त्यांच्याकडे बघत राहिली. तिने एक कोरी काच घेतली, आपल्यासमोर घासून, धुऊन, वाळवून घेतली. तिच्यावर रंग सोडून बघितलं तेव्हा पडदा काळाभोर होता. मग तिने बोट स्वतःच्या नाकपुडीशेजारी, जिथे दुपारपर्यंत घामट तेल साचतं तिथे घासलं, ते काचेवर टेकवलं, वर रंगाचा थेंब सोडला आणि काच यंत्राखाली सरकवली.

पडदा अंगठ्यांनी भरून गेला. तेलाचा प्रत्येक सूक्ष्म थेंब रंगाने बाहेरून लपेटला होता आणि त्याची कडा झगमगत होती. दर्शनी भिंतीवरच्या चित्राहून हे चित्र देखणं होतं. स्नायूतही चरबीचे असे थेंब असतात. आजारी असतात, निरोगी असतात, सगळ्यांच्यात असतात. तिचा रंग प्रथिनाला सोडून त्या चरबीला जाऊन चिकटला होता. मधला काटा तिला कधी सापडलाच नव्हता. सरांच्या छापील चित्रातला तो स्वच्छ निरोगी स्नायूही काय होता, ते आता कळत होतं. अंगठ्या नसलेला कोपरा शोधून काढलेला फोटो.

घुबड म्हणाला, "मस्त आलाय. सेव्ह करू?"

तिने करायला सांगितलं आणि बाहेर येऊन हात धुतले. मग पुन्हा धुतले.

त्या संध्याकाळी तिला जेवण जाईना. नवऱ्याने खोदून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की एवढं काय त्यात. आमच्याकडे तर कीड न खरवडता वर सिमेंट भरून देणारे ढिगाने आहेत. वरून दात छान दिसतो, आतून सडत जातो, आणि तोवर पेशंट दुसऱ्या गावी गेलेला असतो. अशा माणसांबरोबर तो परिषदांना जातो, एका टेबलावर जेवतो. चालतं सगळं. हे सांगताना तो दात कोरत होता. रंगारणीला एकाएकी त्याचीही शिसारी आली, आणि आपल्याला आपल्या नवऱ्याची शिसारी आली याची वेगळीच.

सासूबाईंनी तिचं ताट झाकून ठेवलं आणि नाकावरच्या तेलाचं प्रकरण पुन्हा एकदा नीट समजावून घेतलं.

"तुझं तेल एवढं देखणं दिसलं तर माझं काय दिसेल गं," त्या म्हणाल्या. "मी तर दिवसभर चुलीपाशी असते."

रंगारीण हसली खरी, पण झाकलेलं ताट तिने उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. चित्रं दाखवली, काय झालं ते क्रमाने सांगितलं. सरांनी मान हलवत हलवत ऐकलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग म्हणाले की रिकाम्या काचेवर काय वाट्टेल ते दिसतं, त्याचं कोणी कौतुक करत नाही. ती म्हणाली की डॉक्टरबाई या चित्रांवरून मुलांचं निदान करतायत. सर म्हणाले की करू दे, त्या अनुभवी आहेत. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"खाली माणसं जमलीत, बेटा. केक आलाय. हे आपण नंतर निवांत बघू."

केक कशासाठी, तर अंगठ्यांच्या कामाला त्या वर्षीचा मोठा मान मिळाला होता. खालच्या दालनात टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर दाराच्या फळीएवढा केक. वर साखरेच्या चकचकीत जेलीत अख्खं चित्र छापलेलं: जांभळी जमीन आणि तिच्यावर हिरव्यागार अंगठ्या. मागे भिंतीवर तेच चित्र पुरुषभर उंच. संस्थेच्या संचालकांनी सुरी धरली, सरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, फोटो निघाले. मग तुकडे होऊ लागले. सरांनी भाषणात रंगारणीचं कौतुक केलं, तिच्याशिवाय हे शक्य नव्हतं म्हणाले, आणि सगळ्यात मोठी अंगठी असलेला तुकडा आपल्या हाताने तिच्या ताटलीत ठेवला.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने एक चमचा तोंडात घातला. वरचा जेलीचा थर जिभेवर बुळबुळीत पसरला, आणि त्याखालचं क्रीम विरघळलंच नाही. टाळूला मेणचट साय धरल्यासारखं बसून राहिलं. तिला रिकामी काच दिसली, घुबडाची बोटं दिसली. आजूबाजूला माणसं हसत, बोलत होती आणि बोलताना त्यांच्या जिभा हिरव्या दिसत होत्या. संचालकांच्या मिशीला हिरवं लागलं होतं. सरांच्या दातांच्या फटी हिरव्या झाल्या होत्या आणि ते कोणाला तरी सांगत होते की सौंदर्य ही सत्याची खूण असते. तिने कागदी रुमाल तोंडाला लावला आणि घास त्यात सोडला.

तेवढ्यात डॉक्टरबाई ताटली घेऊन तिच्यापाशी आल्या. ठेंगण्या, लगबगीच्या बाई. त्यांचीही जीभ हिरवी. त्या म्हणाल्या की तुझे आभार मानायचे राहूनच जातात. मग उत्साहाने सांगू लागल्या की ज्या मुलांमध्ये अंगठ्या दिसल्या त्यांना पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. दुसऱ्या मांडीतला तुकडा घ्यायचा, या वेळी जरा खोलवरचा, म्हणजे आजार कुठवर गेलाय ते कळेल.

रंगारणीने ताटली खिडकीत ठेवली. "आत्ता माझ्याबरोबर वर येता?" तिने विचारलं. "काहीतरी बघायचंय तुम्हाला."

काळ्या पडद्यांच्या खोलीत कोणी नव्हतं. घुबड खाली केक खात होता. तिने आदल्या दिवशीचं चित्र उघडलं. डॉक्टरबाई पुढे वाकल्या आणि त्यांच्या तोंडून हळहळीचा आवाज निघाला.

"बापरे, केवढ्या आहेत. हा कोणता पेशंट?"

"पेशंट नाहीये. हे माझ्या नाकावरचं तेल आहे."

डॉक्टरबाईंना वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी एक कोरी काच मागितली, नीट धुऊन घेतली, स्वतःचं बोट स्वतःच्या कपाळावरून फिरवलं आणि काचेवर टेकवलं. रंगारणीने रंग सोडला. दोघी अंधारात बसून ठिपके जमताना बघत राहिल्या. पहिली अंगठी पुरी झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं की सरांना हे ठाऊक आहे का. रंगारणीने हो म्हटलं. घुबडालाही ठाऊक होतं, हेही सांगितलं. त्यावर डॉक्टरबाई उठल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि कागदाने जीभ खरवडू लागल्या. हिरवं निघून गेलं तरी त्यांचा हात थांबेना.

पुढच्या आठवड्यातलं मुलांचं बोलावणं त्यांनी त्याच दिवशी रद्द केलं.

सर दुसऱ्या दिवशी रंगाच्या खोलीत आले. रुमाल न लावता, चांगले आत, तिच्या बाकापर्यंत. आवाज चढवला नाही. आपल्या घरातली गोष्ट आपल्या घरात सांगायची असते, म्हणाले. आधी माझ्याकडे यायला हवं होतं.

"आलेच होते, सर," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघून हसले, आणि ते हसू तिला झुरळ अंगावरून गेल्यासारखं वाटलं.

आता सरांची पंचाईत होणार, असं तिला वाटलं होतं. झालं भलतंच. काही आठवड्यांनी मोठ्या सभागृहात सरांचं भाषण ठेवलं गेलं. सर उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले की शास्त्रात चुका लपवायच्या नसतात, आज मी माझी चूक तुमच्यासमोर ठेवतो. अंगठ्या प्रथिनाच्या नाहीत, चरबीच्या आहेत. मग एक क्षण थांबून ते म्हणाले की या चुकीतूनच आमच्या हाती एक अनमोल गोष्ट लागली आहे: पेशीतली चरबी इतकी बारीक दाखवणारा असा रंग आजवर झाला नव्हता. पडद्यावर तिचंच चित्र आलं, नाकावरच्या तेलाचं. ते कशाचं आहे हे त्यांनी सांगितलं नाही. पडताळणीच्या प्रयोगाचं, एवढंच म्हणाले. मुलांचा विषय निघाला नाही. त्यांच्या मांड्यांचाही नाही.

सभागृह उठून उभं राहिलं. असा प्रांजळ माणूस विरळा, असं कोणीतरी मागे म्हणालं. संचालकांनी डोळे पुसले. घुबड शिट्टी वाजवायचा तेवढा राहिला होता. टाळ्यांचा कडकडाट चालला होता, आणि त्यात रंगारणीच्या लक्षात आलं की आपलेही हात वाजतायत. सगळे उठले तशी ती उठली होती, सगळ्यांनी वाजवल्या तशा तिनेही वाजवल्या होत्या. तिने हात थांबवले आणि अंगापासून जरा लांब धरले, घाण लागल्यासारखे. भिंतीवरचं चित्र दुसऱ्या दिवशीही तिथेच होतं. खालची ओळ तेवढी बदलली होती.

तिने डॉक्टरबाईंना फोन केला आणि विचारलं की मुलांच्या घरच्यांना काय सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की एकेकाला बोलावून सांगतेय, सोपं जात नाही. मी येऊ का, असं रंगारणीने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की ये, पण तुला कोणी शाबासकी देणार नाही.

इस्पितळातली ती खोली लहान होती. भिंतीवर वजनाचा तक्ता, कोपऱ्यात प्लास्टिकची खेळणी. समोर एक आई आणि तिची मुलगी, शाळकरी, वेणी घातलेली. मुलीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर सरकला होता आणि मांडीवर शिवलेल्या जखमेचा गुलाबी वण दिसत होता. डॉक्टरबाईंनी आडवळण न घेता सांगितलं: तपासणीत चूक होती, जे दिसलं ते आजाराचं नव्हतं, दुसरा तुकडा काढायची गरज नाही. पाय का थकतात ते आपण वेगळ्या, जुन्या तपासण्यांनी शोधू.

आईचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू विझला. तिने विचारलं की चूक कोणाची. डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं, पण रंगारीण आधी बोलली.

"रंगाची. तो रंग मी बनवला."

"म्हणजे हिचा तुकडा काढला, तो फुकटच गेला."

"हो."

"आणि आम्ही हिचं पळणं बंद केलं होतं. शाळेत सांगून ठेवलं होतं, हिला पळू देऊ नका म्हणून. मैत्रिणी खेळायच्या आणि ही पायरीवर बसायची."

रंगारणीला सरांचं नाव सांगता आलं असतं, घुबडाचंही. ते खरंही होतं. पण सभागृहातलं भाषण तिच्या कानात होतं आणि इथे तसलं काही बोलायची तिला किळस आली. माझं चुकलं, एवढंच ती म्हणाली.

आईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ती नजर रंगारणीला ओळखीची वाटली. गेले कित्येक दिवस ती स्वतः सगळ्यांकडे तसंच बघत होती. मग आईने मुलीचा फ्रॉक खाली ओढला, मांडी झाकली, आणि "चल" म्हणाली. मुलगी उठली. दारापर्यंत आईच्या हाताला धरून चालली आणि बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात पोचताच हात सोडवून पळत सुटली. आई मागून ओरडली नाही.

डॉक्टरबाईंनी रंगारणीला विचारलं की अजून तीन कुटुंबं बाहेर बसली आहेत, तू थांबतेस की जातेस. तिने खुर्ची भिंतीजवळून पुढे ओढली आणि टेबलाशी नीट बसली.